दहाच्या दहा एकाच कागदातून

कुठलाही कागद हातात आला की ते आधी तो कानाशी न्यायचे, वाचायचे नंतर. विजेचं बिल असो, डॉक्टरची चिठ्ठी असो नाहीतर सुपरमार्केटची पावती; अंगठा आणि तर्जनीत धरून कानापाशी हलकेच चुरचुरवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "हा बोलत नाही." त्यांच्या मते जगातले बहुतेक कागद मुके होते. लाकडाच्या लगद्याचा कागद मुका आणि सुती चिंध्यांपासून केलेला बोलका. माझ्या भावाच्या लग्नाची पत्रिका मी कौतुकाने दाखवायला नेली, तर गणपती नाही बघितला, सोनेरी अक्षरं नाही बघितली, सरळ कानाला! "हा बोलतो," ते म्हणाले, "पण घसा बसलाय त्याचा."

असा माणूस तुमच्याही शेजारी राहून गेला असेल. एकाच गोष्टीतलं सगळं कळणारा आणि बाकी कशातलंच कळून न घेणारा. माझ्या वाट्याला तो नेदरलँड्समधल्या एनस्खेडेत आला, भिंतीला भिंत लागून.

घरात आम्ही त्यांना 'आजोबा' म्हणायचो. समोर मात्र मी 'मेनेर' म्हणत असे, म्हणजे आपलं 'साहेब'. ते मला 'ब्यूरफ्राउ' म्हणत, म्हणजे शेजारीणबाई. त्यांचा जन्म गेला इथल्या कापडगिरणीत माग दुरुस्त करण्यात. गिरणी कधीच बंद पडली होती, पण यांच्या अंगातला निळा डगला काही उतरला नव्हता. बायको आम्ही राहायला यायच्या दोन वर्षं आधी गेलेली. आणि छंद काय, तर नेमबाजी! तीसुद्धा जुन्या पद्धतीची, ठासणीच्या रायफलीने. नळीत काळी बारूद ओतायची, वरून गोळी ठासायची आणि बार काढला की इतका धूर व्हायचा की आपला नेम लागला की नाही तेच काही वेळ दिसायचं नाही.

हे कळल्यावर माझ्या नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बंदूक? अगं, आपण परमिटवर आहोत इथे. लांबूनच हॅलो म्हण आणि घरात ये."

मी बरं म्हटलं. मी नेहमी बरं म्हणते आणि मग मला करायचं तेच करते.

आमची ओळख झाली ती भांडणातून. नवरा विद्यापीठात संशोधनाला, मी त्याच्या मागून आलेली. नोकरीसाठी अर्ज करून करून कंटाळले आणि पुण्याहून आणलेल्या मशीनवर ब्लाउज शिवायला लागले. गावातल्या आपल्या बायका येत, दिवाळीच्या आधी तर रांग लागे. मशीन रस्त्याकडच्या खिडकीत, कारण उजेड तिथेच. एक दिवस बेल वाजली. दारात हे. एका तळहातावर शिशाची गोळी, चांगली अर्ध्या बोटाएवढी, आणि दुसऱ्या हातात ओला कागदाचा चिटोरा.

"तू तिरकं कापतेस," ते म्हणाले. "मी रोज खिडकीतून बघतो."

"रोज बघता?" माझं डच तेव्हा यथातथाच होतं, पण रागाला व्याकरण लागत नाही. "बाईच्या घरात रोज बघतात का?"

ते गोंधळले. "कात्रीकडे बघतो," म्हणाले. "तुझ्याकडे नाही."

आता यावर हसायचं की दार आपटायचं? मी हसले, आणि तिथेच फसले.

मी कापत होते त्या गळ्याच्या उरेब पट्ट्या. शिवणकाम येणाऱ्या बाईला उरेब म्हणजे काय ते सांगायला नको. सरळ कापलेली पट्टी गोलाईवर बसत नाही, तिरकी कापलेली बसते. त्यांना हवी होती नेमकी तशीच पट्टी, पण कागदाची. त्यांच्या रायफलीत नुसतं शिसं घालायचं नसतं. प्रत्येक गोळीला पातळ ओल्या कागदाचा कोट चढवायचा. दोन वेढे, पट्टीची टोकं तिरकी, म्हणजे शेवटी ती एकमेकांना नुसती भिडतात. एकावर एक चढली तर गोळी एका बाजूला जाड होते आणि नेम चुकतो. मध्ये फट राहिली तरी चुकतो. तळाशी उरलेला कागद पिळून दाबायचा, रात्रभर वाळू द्यायचा. वाळला की कोट असा आवळून बसतो की नखाने सुटत नाही. बार झाला की गोळी पुढे जाते आणि कागदाच्या चिंध्या नळीच्या तोंडाशी भुरभुर गळून पडतात.

"क्लबातले बाकीचे?" मी विचारलं.

"ते आळशी आहेत. उघडी गोळी चरबी लावून घालतात."

हे कोट चढवायचं काम तीस वर्षं त्यांच्या बायकोने केलं होतं. तिला बंदुकीत काडीचा रस नव्हता, पण संध्याकाळी रेडिओ लावून ती शे-शंभर गोळ्या वळून टाकायची. ती गेली तेव्हा तिने वळलेल्या गोळ्यांचे चार डबे घरात होते. ते पुरवून पुरवून वापरले, शेवटचा डबा नुकताच संपला होता. यांचे स्वतःचे हात थरथरायला लागलेले. रायफल आडव्या काठ्यांवर टेकवली की स्थिर राहते. कागद कशावर टेकवणार? आणि पुढच्या ऑक्टोबरात क्लबाची दहा बारांची स्पर्धा होती. ती त्यांची शेवटची. त्यानंतर रायफल क्लबाच्या स्वाधीन करायची, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं, कोणी सांगायच्या आत.

"मला दहा बार नीट काढायचेत," ते म्हणाले. "कागदात. ती वळायची तसे. मग संपलं."

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी शिकवणी सुरू झाली. पहिल्या चाळीसेक गोळ्या मी अशा काही वळल्या की बघवेना. ओला कागद बोटाला चिकटे, गोळी टुणकन जमिनीवर. ते खाली वाकून उचलत आणि म्हणत, "रुस्तिग आन." म्हणजे सावकाश, जरा दमाने घे. हे त्यांचं ब्रीदवाक्यच. सायकल काढताना रुस्तिग आन, माझ्या मशीनचा पट्टा तुटला तेव्हा रुस्तिग आन, माझ्या लेकीने त्यांच्या पायरीवर दूध सांडलं तेव्हाही तेच. लेक त्यांच्याशी डचमध्ये फाडफाड बोलायची आणि मी माझं मोडकंतोडकं, पण माझं बोलणं मात्र ते न सुधारता ऐकून घेत.

शिशाला हात लावलेला चालायचा नाही त्यांना. काम झालं की मोरीकडे बोट. दोनदा साबण, नखांत ब्रश, मगच कॉफी. पहिल्या दिवशी कॉफीबरोबर एक बिस्किट मिळालं आणि डबा खटकन बंद होऊन कपाटात गेला. मला पुण्याची आठवण आली, खोटं कशाला बोलू! हिवाळा सरता सरता मात्र डबा टेबलावरच राहू लागला, आणि मार्चमध्ये एकदा मी पोचायच्या आधीच तो उघडा होता.

या देशात येऊन मला तीन वर्षं झाली होती. लोक चांगले होते, पण ठरलेल्या वेळेला माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. आई फोनवर विचारायची, तिथे तुझं कोण आहे गं? मी म्हणायची, आहेत पुष्कळ जणी. त्या मार्चपासून मला खरं उत्तर देता आलं असतं, पण शेजारच्या बंदूकवाल्या म्हाताऱ्याबद्दल आईला सांगायची सोय नव्हती.

उन्हाळ्यात पुण्याला गेले तेव्हा मोठ्या हुशारीने पतंगाचा कागद घेऊन आले. पातळ, हलका, रंगीत. म्हटलं आजोबा खूश होतील. त्यांनी कानाला लावला आणि चेहरा उजळला. "गातो हा!" म्हणाले. पण पाण्यात बुडवला तर त्याचा लगदा झाला आणि गुलाबी रंग त्यांच्या बोटांना आठवडाभर राहिला. क्लबात काय सांगितलं कोण जाणे.

खरा कागद होता तो एका तपकिरी फायलीत. त्यांची बायको त्याच गिरणीच्या कचेरीत टायपिस्ट होती. पत्रांच्या नकला काढायला तिथे पातळ, सुती, कुरकुरीत कागद वापरत. गिरणी बंद झाली तेव्हा तिने ते गठ्ठे घरी आणले, काही कोरे, काही टाइप केलेल्या जुन्या पत्रांचे. कोरे कधीच संपले होते. उरले होते ते जुन्या पत्रव्यवहाराचे. "लिहिलेलं असलं तरी चालतं," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "शाईने नेम चुकत नाही." त्यामुळे मी वळलेल्या गोळ्यांवर कुठे चादरींची मागणी असे, कुठे उशीर झाल्याबद्दल दिलगिरी. मला गंमत वाटे.

आणखी एक नियम होता. स्पर्धेच्या दहाच्या दहा गोळ्या एकाच कागदातून. दोन कागदांच्या जाडीत केसाएवढा फरक असतो, तेवढ्यानेही घोळ होतो. एका पानात तेवढ्या पट्ट्या आरामात बसतात. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी ते फाईल माझ्या घरी देऊन गेले. "त्यातला सगळ्यात चांगला कागद तू निवड," म्हणाले. "आता तुला कळतो."

केवढा सन्मान वाटला मला! नवरा विद्यापीठात, लेक शाळेत. मी एकेक पान काढून कानाशी नेलं. बहुतेक पानं म्हातारी झालेली, कडा पिवळ्या. अगदी तळाशी एक पान होतं, पांढरं, एकही सुरकुती नाही. चुरचुरवलं आणि मला पहिल्यांदाच, अगदी स्पष्ट, फरक ऐकू आला. वर गिरणीचं नाव, खाली 'आदरणीय महोदय', मग नीट टाइप केलेल्या ओळी, खालचा भाग कोरा. इतर पत्रांसारखंच पत्र. मी त्यावर आडव्या पट्ट्या आखल्या, टोकं तिरकी कापली आणि दहा गोळ्या वळल्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुबक दहा.

स्पर्धेच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. नवऱ्याने निघताना, "तू कशालाही हात लावू नकोस," एवढंच बजावलं. गावाबाहेर झाडीत त्यांचा क्लब. सगळी म्हातारी मंडळी, कानांवर मोठाले हेडफोन, हवेत सडक्या अंड्यांचा वास. बारूद मोजायला एका मित्राने मदत केली. आजोबा खुर्चीत बसले, रायफल काठ्यांवर टेकवली. एवढा वेळ थरथरणारा माणूस एकदम गप्प झाला, हातांसकट. धडाम! पांढरा ढग. मग दुसरा बार, मग तिसरा. मित्राने दुर्बिणीतून बघून अंगठा वर केला. तिन्ही काळ्या गोलात.

मग गोळीबार थांबवून सगळ्यांना पुढे जायची परवानगी मिळाली. आजोबांची रीत मला माहीत होती. ते लक्ष्याकडे जात नसत, आधी नळीच्या पुढ्यात वाकून कागदाच्या चिंध्या गोळा करत. चिंधी कशी फाटली त्यावरून वळणाऱ्याचा हात कळतो म्हणे. त्यांनी दोन-चार चिंध्या तळहातावर घेतल्या आणि खिशातलं भिंग काढलं. मी शाबासकीची वाट बघत उभी.

त्यांनी एकेक चिंधी भिंगाखाली उलटसुलट केली. मग म्हणाले, "काम उत्तम आहे, ब्यूरफ्राउ." आणि खाली बसले, तिथेच गवतावर.

मी धावले. त्यांनी चिंधी पुढे केली. तिच्यावर टाइपरायटरच्या अक्षरांत एक शब्द होता, तो मलाही वाचता आला: जेरेनियम. कापडगिरणीच्या पत्रात जेरेनियमच्या कुंड्या कशाला येतील?

ते पत्र त्यांच्या बायकोचं होतं. आजार कळल्यावर, हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी, तिने नवऱ्याला टाइप केलेलं. जन्मभर कचेरीची पत्रं लिहिली, म्हणून हेही तशाच थाटात, गंमत म्हणून, गिरणीच्या कागदावर, 'आदरणीय महोदय' करून. माझ्यामागे घर कसं चालवायचं याच्या सूचना. त्यांनी ते सगळ्यात सुरक्षित जागी, फायलीच्या तळाशी ठेवलं होतं. आणि मग, पाच वर्षांत, ते तिथे आहे हेच विसरून फाईल माझ्या हातात दिली होती.

मला रडू फुटलं. लाज वाटावी असं, लहान पोरीसारखं. माझं डच कुठल्या कुठे पळालं. मी मराठीतच म्हणत होते, मला माहीत नव्हतं हो, मला खरंच माहीत नव्हतं. त्यांना एक शब्द कळला नसेल. पण त्यांनी मान हलवली.

"दहाही त्यातलेच?"

"दहाही. तुम्हीच सांगितलं होतंत."

"मीच सांगितलं होतं," ते म्हणाले.

सात गोळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या होत्या. मित्र हाका मारत होता, चला, वेळ संपतोय, जोरात चाललंय तुमचं. मला कळत होतं काय चाललंय ते. याच सात बारांसाठी त्यांनी वर्षभर वाट बघितली होती. परत दुसरी स्पर्धा नव्हती. आजोबांनी त्या सातांकडे पाहिलं, रायफलीकडे पाहिलं. मग उठले आणि रायफलीची नळी पुसायला लागले. मित्राला म्हणाले, "माझं झालं." तीन बारांवर. मी गुडघ्यांवर बसून गवतातली चिंधी न् चिंधी वेचली, रुमालात बांधली.

घरी आल्यावर त्यांनी कोट काढला नाही, कॉफी ठेवली नाही. मीच कोमट पाण्याची वाटी घेतली. टाइपरायटरची शाई पाण्याने उतरत नाही, एवढं मला वर्षभरात कळलं होतं. एकेक गोळी वाटीत ठेवायची, कागद भिजला की तळाचा पीळ अलगद सोडवायचा, उलटे दोन वेढे, आणि पट्टी टॉवेलवर पसरायची. पहिला पीळ मी घाईने ओढायला गेले. "रुस्तिग आन," ते म्हणाले.

सहा पट्ट्या सुटल्या. मी त्या जागच्या जागी लावल्या, मधल्या तीन जागा रिकाम्या. तिथे रुमालातल्या चिंध्या जमतील तशा ठेवल्या. आजोबा वाचू लागले, अगदी सरळ आवाजात, कचेरीतलं पत्र वाचावं तसं. आदरणीय महोदय, लोकरीचे कपडे गरम पाण्यात घालू नयेत. हिरवा कचऱ्याचा डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा. चिंध्यांपाशी आले की डोळे मिटून पाठ म्हणत. जेरेनियम थंडी पडायच्या आत घरात घ्यावेत, आपण दरवर्षी विसरता. माझ्या बहिणीला वाढदिवसाला फोन करावा, ती आपल्याला आवडत नसली तरी.

आता एकच गोळी उरली होती. तिची जागा पत्राच्या शेवटी, उजवीकडे, सहीच्या वर. मी ती वाटीत टाकणार, एवढ्यात त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ती राहू दे."

"पण शेवट आहे तो. काय लिहिलंय शेवटी?"

"आठवत नाही," ते म्हणाले. "सगळं वाचून झालं तर मग मी काय करू?"

मला अजूनही वाटतं, त्यांना तो शेवट शब्दन् शब्द आठवत होता. पण मी विचारलं नाही. ती गोळी त्यांनी खिडकीत जेरेनियमच्या कुंड्यांमध्ये ठेवली; कुंड्या तोवर खरोखरच घरात आल्या होत्या. पट्ट्या मी इस्त्री करून, एका जाड कागदावर चिकटवून दिल्या. त्या पत्राबद्दल पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मी जात राहिले. आता वळायला काही नव्हतं, नुसती कॉफी पीत बसायचो. डबा उघडाच असायचा.

पुढच्या वर्षी हातांची थरथर फारच वाढली. ग्रोनिंगनला त्यांची मुलगी असते, तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात ते गेले. मी दोनदा गाडीने जाऊन आले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. पण माझं रेल्वेचं तिकीट हातातून काढून घेतलं आणि कानाशी नेलं. हसून मान हलवली. बोलत नाही.

ते गेल्यावर मुलगी शेजारचं घर आवरायला आली. जाताना बेल वाजवून एक लहानसा पत्र्याचा डबा देऊन गेली. "बाबा म्हणाले होते, हा शेजारीणबाईंचा." नवऱ्याने डबा उघडून बघितला आणि या खेपेस परमिटचं नाव काढलं नाही.

त्या घरात आता तरुण जोडपं राहतं, भले आहेत बिचारे. त्यांच्या खिडकीत मोठा टीव्ही आहे. मी माझ्या खिडकीत पट्ट्या कापायला बसते तेव्हा रस्त्याकडे उगाच मान वळते. कुणी बघत नाही. कुणी बघायला हवं होतं, असं आजही रोज वाटतं.

गोळी माझ्या बॉबिनच्या डब्यात आहे. कोट जरासा पिवळा पडलाय, पण सुटलेला नाही. टोकं एकमेकांना अशी भिडलीत की जोड शोधावा लागतो. वरच्या वेढ्यावर दोन-तीन अर्धी अक्षरं दिसतात. डच आता मला चांगलं वाचता येतं. कोमट पाण्याची एक वाटी, दोन मिनिटांचं काम.

अजून एकदाही वाटी घेतली नाही मी.